उसवलेल्या वाकळेतले दोरे धुण्याआधी, कोरडेच काढावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पितृपक्ष लागला की सातारा-सांगलीकडे घरोघर दसऱ्याच्या धुण्याची गडबड सुरू होते. नदीवर, ओढ्यावर, पाटावर, नाहीतर गच्चीतल्या नळाखाली, पण घटस्थापनेच्या आत घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन वाळलं पाहिजे, हा नेम अजून पाळला जातो. या धुण्याला काढलेल्या वाकळांचे, म्हणजे जुन्या कापडांचे थर शिवून केलेल्या गोधड्यांचे, दोन ढीग पडतात. एका ढिगातल्या वाकळा नुसत्या धुवायच्या असतात. दुसऱ्या ढिगातल्या उसवायच्या, थर वेगळे करायचे, फाटका थर बदलायचा आणि दिवाळीच्या थंडीआधी पुन्हा शिवायच्या. हे पत्र त्या दुसऱ्या ढिगाबद्दल आहे.

उसवून झालं की थर आहेत तसेच, दोऱ्यांच्या तुकड्यांसकट भिजत घातले जातात. दोरे धुण्यात निघून जातील, अशी समजूत असते. ते जात नाहीत. सुती कापड पाण्यात फुगतं आणि तुटक्या दोऱ्याचं टोक ज्या भोकात अडकलेलं असतं ते भोक आणखी आवळतं. त्यात कापड दगडावर आपटलं, धोपाटण्याने बडवलं, की सुटे पडलेले तुकडेही विणीत घुसतात. पॉलिएस्टरचा दोरा पाण्यात फुगत नाही, पण पीळ खाऊन सुताच्या लवेभोवती गुंडाळला जातो आणि त्याची बारीक गाठ होते. वाळल्यावर ही गाठ चिमट्याने ओढली तर तिच्याबरोबर कापडाची लव, कधी उभा धागाच निघून येतो. कोरडं असताना तळहात फिरवून निघाला असता तो तुकडा धुतल्यावर एकेक करून उपटावा लागतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकलं तर जाळीत आणि पाणी जायच्या नळीत बोळा बसतो तो वेगळाच. म्हणून क्रम असा ठेवावा: उसवा, झटका, दोरे काढा, मग भिजवा. इस्त्रीही दोरे काढल्याशिवाय फिरवू नये, तुकडा दाबला जाऊन विणीत चपटा बसतो.

तुकडे किती पडतात याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब वाकळेवर दोन-दोन इंचांवर लांबीच्या बाजूने टिपा मारल्या, तर साधारण ३० ओळी होतात. ३० ओळी गुणिले ७ फूट म्हणजे २१० फूट, जवळजवळ ६४ मीटर टीप. टाका ३ मिलिमीटरचा धरला तर हे २१ हजारांवर टाके झाले. दर पाचवा टाका कापला तर दोऱ्याचे चार हजारांवर तुकडे पडतात. थर फाकवून मधून रिपर (टाके उसवायचं दोन टोकांचं छोटं हत्यार) सर्रकन चालवला, तर प्रत्येक टाका कापला जातो आणि तेवढेच बारके तुकडे दोन्ही थरांच्या अंगावर राहतात, तांदळाच्या कणीएवढे. उसवायला लागणारा वेळ त्यात वाचतो खरा, पण वाचलेल्या वेळाच्या कितीतरी पट वेळ पुढे दोरे वेचण्यात जातो. तेव्हा दोरे काढण्याची खरी सुरुवात उसवण्यापासूनच होते.

मशीनच्या टिपेत वरचा दोरा आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या फिरकीचा, दोरा थरांच्या मध्ये एकमेकांत अडकलेले असतात. टीप हातात घेतल्यावर आधी दोन्ही बाजू सुईच्या टोकाने उचलून पाहाव्यात. एका बाजूचा दोरा कापडावर सरळ तारेसारखा पडलेला असेल आणि दुसऱ्या बाजूचा त्याच्यावरून वेढे घेत असेल, तर शिवताना दोऱ्यांचा ताण सारखा नव्हता. घरी शिवलेल्या जाड वाकळांत हे हमखास सापडतं आणि उसवणाऱ्याच्या दृष्टीने ते फार सोयीचं असतं. तो सरळ पडलेला दोरा एका टोकाला मोकळा करायचा आणि कापडाला चिकटून, आडवा धरून ओढायचा. साधारण फूटभर निघाला की कापायचा, पुन्हा टोक काढायचं, पुन्हा ओढायचा. दुसऱ्या बाजूचा दोरा आपोआप अखंड सुटून येतो. कापलेला तुकडा असा जवळपास राहतच नाही. वर सांगितलेल्या वाकळेत चार हजारांच्या जागी दोनशेच्या आसपास लांब दोरे निघतात, आणि ते हातानेच गोळा होतात.

ताण दोन्हीकडे सारखा असेल तर मात्र कापावंच लागतं. बॉबिनच्या बाजूने दर पाचव्या टाक्याखाली रिपरचं लांब टोक सरकवायचं, दोरा दोन टोकांच्या मधल्या खाचेत आला की तिथली धार तो कापते. मनगट उचलून झटका द्यायची गरज नसते, झटका दिला की टोक खालच्या थरात शिरतं. वीत-दीड वीत कापून झालं की वाकळ उलटवून वरच्या बाजूचा दोरा ओढायचा. तो लांब निघतो आणि कापलेले तुकडे दुसऱ्या अंगावर मोकळे पडून राहतात. दोरा ओढला की अडतो, कापडाला चुणी पडते, असं झालं तर ओढत बसू नये. तिथे एखादा टाका कापायचा राहिलेला असतो.

रिपरच्या आखूड टोकावरची लाल गोळी शोभेची नसते. दोन थरांची कडेची शिवण उसवताना हत्यार थरांच्या मधून चालवावं लागतं, तेव्हा ही गोळी कापडाच्या अंगाला ठेवली की टोक कापडात रुतत नाही. गोळी पडलेला रिपर वाकळेला लावू नये. धार गेली की रिपर दोरा कापत नाही, ओढतो, आणि जुन्या कापडात दोऱ्याआधी कापड तुटतं. घासून त्याला नीट धार येत नाही, कारण ती खाचेच्या आत असते. शिलाईच्या सामानाच्या दुकानात हे हत्यार स्वस्त मिळतं, बदलायला कंजूषी करू नये.

अर्ध्या ब्लेडने उसवायची सवय मात्र मोडायला हवी. नवीन कोऱ्या कापडावर कसलेला हात ब्लेड चालवून जातो. वाकळेतलं लुगडं किंवा धोतर वीस-वीस वर्षं अंगावर वापरून विरलेलं असतं, ब्लेड निसटलं की त्याचे चार-सहा उभे धागे एकदम जातात आणि पहिल्याच धुण्यात तिथे खिडकी पडते. शिवाय ब्लेडचा तुकडा मोडून थरात राहिला तर पुढे कुणाच्या तरी हाताला लागणार. जुनी वाकळ उसवायला घेताना, आणि थर सुटे झाल्यावर पुन्हा एकदा, लोहचुंबक फिरवावा. मोडक्या सुईचं टोक, गंजकी टाचणी अशा गोष्टी आत निघतात.

हाताने धावदोरा घातलेली वाकळ असेल तर तिची चाल पाहावी. पुष्कळ वाकळांत शिवण कडेने सुरू होऊन फेऱ्याफेऱ्याने आत जाते आणि मध्यावर संपते. उसवताना उलट जायचं, मधून बाहेर. मधली शेवटची गाठ कापली की दोरा ज्या क्रमाने घातला त्याच्या उलट क्रमाने सुटतो आणि थर सरकत नाहीत. गाठ कधीही कापडातून ओढून काढू नये, आधी कापावी. जुना सुती दोरा कुजट झालेला असतो, वितेवर तुटतो, म्हणून वितेवितेवर आपणच कापून काढलेला बरा. हातशिलाईचे तुकडे लांब असतात, त्यामुळे पुढचं काम हलकं होतं.

कडेला ओव्हरलॉक, म्हणजे कडेभोवती दोऱ्यांचे वेढे घेणारी शिवण, असेल तर वेढे कापायचे नाहीत. वेढे कापले की दोऱ्यांचा नुसता भुसा होतो. कडेपासून आत, सरळ रेषेत चालणारा सुईचा दोरा शोधायचा, तो थोड्या थोड्या अंतरावर कापून ओढून काढायचा, मग वेढ्यांचे दोरे लांबच्या लांब मोकळे होतात. आणि मागच्या बाजूला साखळीसारखी वीण दिसली तर ती पोत्याच्या तोंडासारखी समजावी. शेंगांचं पोतं उघडताना योग्य टोक सापडलं की एका ओढीत सगळी शिवण सुटते, अगदी तसंच. टीप जिथे संपली त्या बाजूने ओढायचं. सुटत नसेल तर दुसरं टोक धरायचं.

आता राहिलेल्या तुकड्यांकडे. सगळ्यात आधी थर दोघींनी चार कोपऱ्यांना धरून अंगणात झटकावा. सुटे तुकडे बरेचसे इथेच पडतात. मग तो बाजेवर किंवा जमिनीवर चटई टाकून ताणून पसरावा आणि उजेड बाजूने येईल असा ठेवावा. डोक्यावरच्या दिव्याखाली तुकडा दिसत नाही, तिरप्या उन्हात त्याची सावली पडते आणि तो उठून दिसतो. काळ्या कापडावर काळा दोरा असेल तर शिंप्याचा पांढरा खडू आडवा धरून टिपेवरून हलका फिरवावा. दोरा उंच असल्यामुळे खडू दोऱ्याला लागतो. उसवतानाही ही युक्ती उपयोगी पडते.

पुढे बहुतेकजणी चिमटा घेऊन बसतात आणि तिथेच चुकतं. चिमटा शेवटी. आधी रबर, मग चिकटपट्टी, मग चिमटा.

रबर म्हणजे साधा, स्वयंपाकघरात भांडी घासताना घालायचा रबरी हातमोजा. नवा असेल तर साबणाने धुऊन पूर्ण वाळवून घ्यावा, आतबाहेर पावडर असते आणि पावडर असली की रबर पकडत नाही. मोजा घालून टिपेच्या आडव्या दिशेने, चार-पाच इंचांचा एकेक हात, एकाच बाजूला ओढायचा. पुढे-मागे घासायचं नाही, त्याने कापडावर बोंडं येतात. जोर साधारण पाटी पुसताना लावतो तेवढा. रबराखाली तुकड्यांची टोकं भोकातून वर येतात, एकमेकांत वळतात आणि समईच्या वातीसारखी वळकटी तयार होते. ती उचलायची, डब्यात टाकायची, पुढची ओळ घ्यायची. रबराच्या घर्षणामुळे हे घडतं आणि दुसऱ्या कुठल्याच साधनाने अडकलेलं टोक इतक्या सहज वर येत नाही. माझ्या मते घरात एकच साधन ठेवायचं असेल तर ते हेच ठेवावं.

मोजा नसेल तर पांढरं खोडरबर चालतं, पण त्याचा चुरा पडतो, तोही नंतर झटकावा लागतो. रंगीत खोडरबर फिक्या कापडावर रंग सोडतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पकडतो छान, पण काळा डाग ठेवतो, तो गडद सतरंजीपुरताच वापरावा. हल्ली काही रिपरच्या मुठीच्या टोकाला रबरी गोंडा बसवलेला असतो, टाके कापले की हत्यार उलटं धरून त्या गोंड्याने तिथल्या तिथे दोरे घासून काढायचे. ब्लाउजची बाही, पिशवीची शिवण अशा छोट्या कामाला तो उत्तम आहे. वाकळेच्या ६४ मीटरांना तळहाताएवढं रबरच हवं.

चिकटपट्टी कोणती घ्यावी याला महत्त्व आहे. पारदर्शक टेपचा चीक उन्हाने मऊ होऊन कापडावर राहतो. पुठ्ठ्याची खोकी बंद करायची तपकिरी पट्टी फार जोरदार चिकटते, विरलेल्या सुताची लव उपटून आणते. रंगकाम करताना खिडक्यांच्या कडांना लावतात ती कागदी मास्किंग टेप सगळ्यात बरी. चार बोटं जुळवून त्यांच्याभोवती चिकट बाजू बाहेर ठेवून एक वेढा घ्यायचा आणि कापड थोपटायचं, बाळाला थोपटतो तसं. घासायचं नाही, लावून ठेवायची नाही. दोऱ्यांनी भरली की पट्टी बदलायची. कपड्यांवरचे केस काढायचा चिकट कागदाचा रोलर हेच काम जलद करतो, फक्त त्याचा कागद भरला की लगेच फाडून नवा उघडावा. भरलेला कागद उचललेले दोरे पुढे नेऊन पुन्हा टाकतो. एक लक्षात ठेवावं, पट्टी फक्त वर पडलेलं उचलते, भोकात रुतलेलं तिला येत नाही. रबर आधी फिरवायचं ते यासाठीच.

ज्या थराला पट्टी लावायचीच नाही असे दोन प्रकार आहेत. एक, जरीचा काठ किंवा पदर. जरीची तार उचलली गेली की परत बसत नाही. दोन, वाकळेत किंवा दुलईत उघडा कापूस असेल तर. पट्टीला दोरा येईल तो कापसाचा पापुद्रा घेऊनच. कापसावरचे दोरे सपाट टोकाच्या चिमट्याने, कापूस दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी दाबून धरून काढावेत. पिंजायला द्यायचा असेल तर हे काम आधी नीट करून द्यावं, पिंजताना दोरा कापसात गुंतला की त्याच्या गुठळ्या होतात आणि अंगाखाली टोचतात.

चिमटा भुवया कोरायचा, तिरक्या टोकाचा असावा. विकत घेताना दोन्ही टोकं मिटवून उजेडाकडे धरावीत, मधून फट दिसली तर तो बारीक दोरा पकडणार नाही. अगदी अणकुचीदार टोकाचा नको, तो दोऱ्याऐवजी वीण उचलतो. चिमट्यासाठी राहतात ते ओळीच्या दोन टोकांचे दोरे. तिथे टीप पक्की करायला मशीन पुढे-मागे चालवलेलं असतं, चार-चार टाके एकमेकांवर बसलेले असतात. हे टाके रिपरने एकेक करून कापावेत, मग ज्या बाजूला टोक जास्त बाहेर आहे त्या बाजूने सरळ ओढावं. जाड वाकळेत दोरा चिमट्यातून निसटत असेल तर डॉक्टर वापरतात तो छोटा, कुलूप लागणारा फोर्सेप्स घ्यावा. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात काय, कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी वैद्यकीय साहित्याच्या दुकानात तो मिळतो. एकदा पकडलं की बोटांवर जोर येत नाही, म्हणून सांधे दुखणाऱ्या वयस्क बायकांना तर मी तोच सुचवीन.

ब्रशाचं काम थोडं आहे. मऊ दातांचा जुना टूथब्रश कोपऱ्यांत आणि काठाच्या दुमडीत चालतो. व्हेल्क्रोची खरखरीत बाजू दोरे पटकन ओढते, पण मलमलीवर ओरखडे उठतात, तेव्हा ती सतरंजीसारख्या राठ कापडापुरती.

पॉलिएस्टरचा दोरा कोरड्या हवेत वेगळाच त्रास देतो. घासलं की त्यावर विजेचा भार बसतो, झटकलं तरी तुकडा कापडाला चिकटून राहतो, हातावर येतो, पुन्हा कापडावर जातो. भाद्रपदात हवा दमट असते म्हणून हे फारसं जाणवत नाही. पौष-माघात, त्यातून माण-खटाव, आटपाडी, जतच्या कोरड्या हवेत हे काम करणाऱ्यांना रोज जाणवतं. त्यावर उपाय म्हणजे स्पंज किंवा सुती फडकं भिजवून, अगदी घट्ट पिळून, नुसता ओलसरपणा राहील एवढंच ठेवून एका दिशेने फिरवणं. ओलसर आणि ओलं यातला फरक सांभाळावा, कापडावर पाण्याचा डाग दिसता कामा नये. जुन्या लाल-हिरव्या लुगड्यांचा रंग सुटतो, त्यासाठी आधी एका कोपऱ्यावर पांढरं फडकं दाबून पाहावं.

दोरा सुती की पॉलिएस्टर हे कळत नसेल तर वितभर तुकडा काढून, कापडापासून दूर, चिमट्यात धरून काडी लावावी. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक काळा मणी धरतो.

सगळं झालं असं वाटलं की एकेक थर दोरीवर टाकून सूर्याकडे तोंड करून पाहावं. विणीत राहिलेला तुकडा गडद रेघेसारखा दिसतो. त्यानंतरच कापड भिजवावं. धुऊन झाल्यावर, किंचित दमट असताना, सुईच्या भोकांच्या ओळीवरून नखाची पाठ आधी उभी, मग आडवी फिरवावी आणि इस्त्री करावी. सुती कापडाची भोकं बरीचशी मिटतात, टेरिकॉटची राहतात. नवी टीप जुन्या ओळीवर मारू नये. त्याच भोकांत पुन्हा सुई गेली की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं कापड त्या रेषेवर फाटतं. जुन्या दोन ओळींच्या मधोमध, इंचभर सरकून नवी ओळ घ्यावी.

दोरे राहिले तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्या पुष्कळजणी भेटतात. शिवणाऱ्याला पहिला फटका मशीनवर बसतो. सुटे तुकडे सुईच्या भोकातून खाली उतरतात, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांत बसतात, शटलच्या खोबणीत जातात. मग टाका सुटतो, खाली दोऱ्यांचं जाळं होतं, आणि दोष सुईला किंवा नव्या रिळाला दिला जातो. उसवलेल्या कापडावर काम करताना दर वेळी बॉबिन बदलताना प्लेटखाली ब्रश फिरवावा, काम संपल्यावर खोबणीत तेलाचा एक थेंब सोडावा आणि पुढचं काम घेण्याआधी चिंधीवर टीप मारून जास्तीचं तेल टिपून घ्यावं. दुसरा दोष दिसण्याचा. पांढऱ्या मलमलीखाली लाल दोऱ्याचा तुकडा राहिला तर वरून दिसतो, आणि रंग कच्चा असेल तर पहिल्या धुण्यात तिथे डाग उठतो.

पण हे सगळं सोडलं तरी एका गोष्टीत हयगय करूच नये. बाळाची दुपटी, झबली, टोपडी, पायमोजे जुन्या लुगड्या-धोतरांतून करायची आपली रीत आहे आणि ती चांगली आहे, तान्ह्या अंगाला तसं मऊ कापड दुसरं नाही. मात्र दुपट्याच्या आत सुटा लांब दोरा राहिला तर बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाभोवती त्याचा वेढा बसू शकतो. बाळ पाय झाडतं तसा वेढा आवळतो, बोट सुजतं, सुजेत दोरा दिसेनासा होतो आणि रक्त पोचायचं थांबतं. डॉक्टरांना ओळखीचा असलेला हा प्रकार आहे, केसानेही होतो, वेळेत लक्षात आलं नाही तर बोट गमावण्याची वेळ येते. बाळ कारण नसताना सारखं रडत असेल तर मोजे काढून एकेक बोट पाहावं. लाल किंवा निळं पडलेलं, रेघ रुतलेलं बोट दिसलं तर घरी ओढाताण न करता तडक दवाखाना गाठावा. आणि शिवणाऱ्यांनी बाळाचा कोणताही कपडा हातावेगळा करण्यापूर्वी उलटा करून, आतून बोट फिरवून, प्रत्येक दोरा शिवणीलगत कापावा. मोज्यांच्या आणि टोपड्याच्या आतली शिवण तर दुमडून झाकूनच टाकावी.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बचत गट गोधड्या आणि दुपटी शिवून विकतात, जत्रेत, प्रदर्शनांत स्टॉल लावतात. त्यांना आणि शिवणवर्ग चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की उसवण हा शिकवायचा विषय मानावा. पहिल्याच आठवड्यात मुलीच्या हातात मशीनआधी रिपर द्यावा, तीन प्रकारच्या टिपा मारलेली चिंधी द्यावी आणि कमीत कमी तुकडे पाडून ती उसवायला सांगावी. चांगली उसवता आली की टीप कशी बसते हेही तिला आपोआप कळतं. ज्या संस्था बायकांना शिलाई मशीन देतात त्यांनी मशीनबरोबर एक रिपर, एक रबरी मोजा, एक तिरका चिमटा आणि मास्किंग टेपचं एक रीळ द्यावं. मशीनच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

प्रत्येक वाकळ उसवावीच असंही नाही. आधी एका कोपऱ्यात वीतभर टीप उसवून कापड दोन्ही हातांनी हलकं ताणावं. भोकांच्या रेषेवर ते तटतट फाटू लागलं तर तिथेच थांबावं. अशा कापडाला जुनी शिवणच धरून ठेवत असते. ती वाकळ अखंड धुवावी, चांगली कडकडीत वाळवावी आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी नवं सुती कापड घालून वरून लांब टाक्यांचा धावदोरा घ्यावा.

निघालेल्या दोऱ्यांची वेगळी सोय लावावी. काम करताना शेजारी झाकणाचा डबा ठेवावा. पॉलिएस्टरचे तुकडे खड्ड्यात कुजत नाहीत, ते कोरड्या कचऱ्यात द्यावेत किंवा टाचण्या टोचायच्या गादीत भरावेत. सुती दोरे शेणखताच्या खड्ड्यात चालतील, पण कातरून, लांब नव्हेत. अंगणात झटकलेले दोरे मात्र त्याच दिवशी झाडून गोळा करावेत. कोंबड्या पायांनी उकरतात तेव्हा लांब दोरा त्यांच्या बोटांना गुंडाळला जातो, आवळतो आणि बोट वाळून गळून पडतं. मांजराने दोरा गिळला तर आतडं गोळा होऊ शकतं आणि मग बहुधा शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

आपली,
एक शिवणशिक्षिका, सातारा